दंडाचं माप

माझ्या वहीत गिऱ्हाइकांचे चेहरे नाहीत, आकडे आहेत.
होडीवाल्यांच्या छात्या, पाद्र्याची उंची,
नवऱ्या मुलींच्या कमरा, ज्या लग्नापर्यंत दोनदा बदलतात.
जुरांदिरला मात्र अख्खं पान द्यावं लागलं.

बेलेंच्या धक्क्यावर असाईच्या टोपल्या उतरवायचा तो,
उजाडायच्या आत, डोक्यावर एक आणि काखेत एक.
पहिल्यांदा आला तेव्हा सतरा वर्षांचा.
दंड: एकतीस सेंटिमीटर.
कोपर दुमडून बेडकुळी काढायचा
आणि माझ्या नातवाला म्हणायचा, दाब.
दाबली की ती बोटांखालून निसटायची,
चिखलात पाय पडल्यावर बेडूक निसटतो तशी.
पोरगं खिदळायचं.

मग गल्लीत जिम निघाली.
रंगाच्या डब्यांत सिमेंट ओतून केलेली वजनं, एक आरसा.
चौतीस झाले. पस्तीस.
मग वर्षभर पस्तीसच.
त्याला पस्तीसचा फार राग आला होता,
टेपच बदला म्हणायचा, दोना झुल्मिरा, ही आखडलीय.

नाताळानंतर आला तेव्हा एक्केचाळीस.
ईस्टरला एकोणपन्नास.
मी टेप पुन्हा लावली. तेवढेच.
टेप खोटं बोलत नाही,
पण काय मोजलं ते तिला विचारू नये.

नातवानं मला सांगितलं, नंतर.
जिमच्या मागे एदिव्हाल्दो सुई मारायचा.
तेल गुरांच्या दुकानातलं,
बाटलीवर बैलाचं चित्र.
दर शनिवारी दंड भरायचा,
एकदा डावा, एकदा उजवा,
पैसे टोपल्यांचे.

बाजारात लोक थांबवून फोटो काढू लागले.
बिअरवाला पैसे घेईना.
मासळीवाल्या बायका हाक मारायच्या, ए फुग्या,
आणि तो हात वर करायचा,
जेवढा व्हायचा तेवढा.
आई म्हणाली, अंग धरलंय पोरानं.
मी बाळसं म्हणाले नाही, सूजही म्हणाले नाही.
मला बाह्या उसवायचे पैसे मिळत होते.

दंड थोपटून दाखव, नातू म्हणाला एकदा.
थोपटला.
पूर्वी थाप वाजायची.
आता ओल्या कणकेवर हात पडावा तसं काहीतरी झालं
आणि तिथला लाल डाग
तो जाईपर्यंत तसाच राहिला.

त्या पहाटे माराजोहून होडी आली होती.
तो वाकला. कोपर दुमडेना.
टोपली अर्धी उचलली गेली आणि सुटली,
काळे मणी धक्काभर, पाण्यात, लोकांच्या चपलांखाली.
कुणी हसलं नाही, हेच वाईट.
ती तर साधी अठ्ठावीस किलोची टोपली.
सतराव्या वर्षी ती उचलताना शिट्टी वाजवायचा तो.

पुढचं मी पाहिलं नाही.
ताप आला म्हणे, मग वास.
सरकारी इस्पितळात डॉक्टरीणबाईंना म्हणाला, मुंग्या चावल्या.
तिनं विचारलं, किती मुंग्या?
वाटीभर हिरवट तेल, वाटीभर पू,
आणि त्याबरोबर थोडं त्याचंही काढावं लागलं,
जे टोपल्यांनी वर्षानुवर्षं घडवलं होतं.

ऑगस्टमध्ये दुकानात आला,
मावसबहिणीच्या लग्नासाठी तोच निळा शर्ट घेऊन.
बाह्या दोरीवर वाळत घातलेल्या असाव्यात तशा.
मी टेप गरम हातात धरली आधी,
गार लागू नये म्हणून.
उजवा अठ्ठावीस. डावा पंचवीस,
आणि मध्ये एक खळगा, ज्याचं माप कसं घेतात
मला कुणी शिकवलं नाही.
दोन्ही आकडे लिहिले.

मशीनकडे बघत तो हळूच म्हणाला,
आतून थोडा कापूस घालता येईल?
दिसणार नाही असा?

मी दातानं दोरा तोडला.
बाह्या कापल्या नाहीत, आत दुमडल्या.
कापूस घातला नाही.
शिवणीत दोन्हीकडे चार-चार बोटं
माया ठेवली.