माइक फिरवणारा

मधल्या वाटेनं मी पळतो,
गळ्यात स्वयंसेवकाचं कार्ड, हातात माइक.
हात वर झाला की तिकडं.

दिग्दर्शिका मणिपूरहून आलेली.
पाण्याची बाटली न उघडताच
मांडीवर धरून बसलीय.
मुलाखतकार सर तीन मिनिटं विचारतात,
ती म्हणते, "हो." कधी, "माहीत नाही."

"माझा प्रश्न नाही, निरीक्षण आहे"
म्हणणाऱ्याकडून माइक परत घेणं म्हणजे
खासबागेत पैलवानाच्या हातातली थंडाई काढून घेणं.

मग शेवटच्या रांगेत एक हात.
दौलूमामा सुतार.
ट्रॉलीचे रूळ घालायचे स्टुडिओत,
स्टुडिओ होता तोवर.
माइक त्यांनी हातोडीसारखा धरला.
"बाई, त्या आजारी पोराच्या खोलीत
खिडकी उजव्या अंगाला,
आन् उजेड डावीकडनं पडतोय.
त्ये कसं काय?"

सभागृह हसलं.
सर घड्याळ बघायला लागले.
कुणीतरी तिला ते हिंदीत सांगितलं.
ती नाही हसली. बाटली खाली ठेवली.

"डावीकडं दार होतं," ती म्हणाली,
"दारात त्याची आई उभी होती.
एडिटिंगमध्ये आई काढून टाकली.
उजेड निघाला नाही."

मामा बराच वेळ उभेच.
"मग बरोबर हाय," म्हणाले, आणि बसले.

पुढचा हात वर झाला होता,
पण मी तिथंच, मामांच्या खुर्चीशी.
माइक बंद करायचा राहिला
आणि दसरा चौकातल्या त्या भरल्या सभागृहात
चारी स्पीकरमधून
एका म्हाताऱ्याचा श्वास,
जरा दम्याचा,
येत राहिला.