घेणे, देणे

सकाळी दहाला शटर वर करते,
मग स्टुलावर चढून
जगाचे आकडे बदलते.
ईस्ट स्ट्रीटवरचं एवढंसं दुकान,
शेजारी चष्मेवाला, वर दातांचा दवाखाना.
डॉलर चार पैशांनी चढला, येन पडला.
येनला काय झालं ते मला कुणी कळवत नाही,
मालकांचा फोन येतो, मी अंक लावते.
नऊचा अंक दिवाळीपासून हरवलाय,
सहा उलटा करून भागवते.

फळ्यावर दोन रकाने.
एकाच नोटेचे दोन भाव कसे हो, लोक विचारतात.
मी म्हणते, सकाळी घेतलेला पेपर
संध्याकाळी रद्दीवाल्याला विकून बघा.
त्या दोन रकान्यांच्या मधली बोटभर फट,
तिच्यात मालकांची गाडी उभी राहते
आणि उरल्या जागेत माझा पगार.

अम्मार येतो कोंढव्याहून, फीचे डॉलर घेऊन.
पासपोर्टात ठेवलेल्या, इस्त्री केल्यासारख्या नोटा.
एकीवर शाईचा ठिपका. मालक म्हणाले, तीन टक्के कमी.
तो हसला. आमच्याकडे, म्हणाला,
जुनी नोट आणि नवी नोट, आकडा तोच,
पण डोंगराच्या अलीकडे एक भाव, पलीकडे दुसरा.
आणि आई?
आई पलीकडे.
त्याच्या देशाचा रकाना आमच्या फळ्यावर नाही.
मी ठिपक्यावर अंगठा ठेवून नोट मोजली,
मालकांना दिसलं असावं. बोलले नाहीत.

खळदकर काकू पोलंडहून परतल्या
त्या सरळ दुकानातच. पर्समध्ये नाणी.
"नाणी घेत नाही, काकू. फक्त नोटा."
"अगं, नाण्यांनी काय पाप केलंय?"
मग बसल्याच, माझं पाणी प्यायल्या.
तीन महिने नुसते तेवीसने गुणत होते बघ.
कोबी सहाला. म्हणजे? एकशे अडतीस. ठेव परत.
निषाद केस कापून आला, सत्तर.
मी सगळ्यांसमोर ओरडले, सोळाशे दहा रुपये डोक्यावर!
तो म्हणाला, आई, मी इथे कमावतो, इथेच खर्चतो,
मध्ये रुपया कशाला आणतेस?
मग गप्प बसले. मनात गुणत राहिले.
आणि आता काल मंडईत कोथिंबीर घेतली वीसची
तर हिशेब उलटा. भागायला लागले गं.
एक सुद्धा नाही भरला. एकात थोडा कमी.
एवढी स्वस्त जुडी हातात घेऊन
मला उगाच रडायला आलं.

जाताना दोनचं एक नाणं
काउंटरवर विसरल्या,
किंवा ठेवलं.

रात्री हडपसरच्या बसमध्ये
सुट्टे सुट्टे म्हणून कंडक्टर अंगावर आला,
घाईत माझ्या मुठीतून तेच निघालं.
"हे कुठलं?"
"चुकून आलं. तिकडचं आहे."
"तिकडे चालतं?"
"तिकडे चालतं."
दिव्याखाली धरून त्यानं उलटंपालटं केलं.
मुकुट घातलेला गरुड.
"पक्षी बरा आहे," म्हणाला,
नाणं माझ्या हातावर ठेवलं,
आणि पुढच्या सीटकडे वळून,
सुट्टे काढा, सुट्टे.