बदल नाही

मे महिना. कूलरच्या ताट्यांवर पाणी मारून
रात्री अकराला मी बसते
फीड गोळा करणाऱ्या माझ्या यंत्रापुढे.
दोनशे चौदा पत्ते दिलेत त्याला.
दर पंधरा मिनिटांनी ते एकेका दाराशी जातं,
विचारतं, काही नवीन?
बहुतेक दारं म्हणतात: बदल नाही.

बाबा मागे उभे, खांद्यावर दुपट्टा.
एकतीस वर्षं पेपर टाकले त्यांनी.
बर्डीवर साडेतीनला गठ्ठे सुटायचे,
तिथून धंतोली, रामदासपेठ, उजाडायच्या आत.
"काहून वं, पंधरा पंधरा मिनिटाले?
मी असा गेलो असतो
त लोकायनं कुत्रं सोडलं असतं अंगावर."

म्हटलं, उलटंही करता येतं.
ज्याच्याकडे नवीन आहे त्यानंच हाक द्यायची,
आपण ओसरीत बसून राहायचं.
पण हाक द्यायला सगळे शिकले नाहीत अजून.
"मंग शिकव न त्यायले."

आणि ट्रंकेतून त्यांनी वही काढली,
कोपऱ्याला सायकलच्या ग्रीसचा अंगठा.

गजभिये गावाला, आठ तारखेपर्यंत.
तिसरा माळा, बाळ झोपते, फेकू नये.
ठवरे मास्तर मनीषनगरला गेले,
तिकडच्या लाइनच्या पोराला सांगितले.

मी ती वही रात्रभर वाचली,
नियमावली वाचावी तशी.
मला तरी दुसरं काय हवंय?
घर बदललं तर जाणाऱ्यानं मागे चिठ्ठी ठेवावी.
कालची चूक कालच्याच जागी दुरुस्त व्हावी,
नवी बातमी म्हणून पुन्हा दारात पडू नये.
लिहिणाऱ्यानं खोडलेलं
माझ्याही कपाटातून निघून जावं.
आणि हे अर्धं वाक्य, पुढे तीन टिंबं,
बाकीचं वाचायला आमच्या दुकानात या,
हे बंद व्हावं.
("नुसता मथळा टाकून पुरवणी घरीच ठेवली असती मी,
त कोन देल्ले असते पैसे?")

वरचा कागद कोणता, हे मधल्यानं ठरवायचं नाही.
याबद्दल वहीत काहीच नाही.
बाबांना ते लिहावंसंही वाटलं नव्हतं.

मग एकशे एकतीसावा पत्ता.
पुष्पलता बावनथडे, गोरेवाडा तलाव.
दर रविवारी मोजून लिहायच्या:
हळदीकुंकू बदक अकरा. चक्रवाक चार.
एक माणूस, गळ टाकून, उगाच.
दोन हजार एकोणीसच्या फेब्रुवारीनंतर
एक ओळ नाही.
तेव्हापासून यंत्र तिथं
रोज शहाण्णव वेळा जाऊन आलंय.

पुसणार होते. बोट बटणावर होतं.
बाबांनी वहीतलं एक पान दाखवलं,
नावाभोवती पेन्सिलीचा गोल, पुढे काही नाही.
"बंद घराचं नाव खोडाचं नसते.
रोज पेपर नाही टाकाचा,
पन जाता जाता नजर टाकाची."

हे यंत्राला कसं सांगायचं, त्यात आठवडा गेला.
आता ते आधी पंधरा मिनिटं थांबतं,
मग तास, मग दिवस,
बावनथडेबाईंकडे रविवारी सकाळी, एकदाच.
जातं. उभं राहतं. परत येतं.

बाबा पोह्यांची पुडी सोडता सोडता विचारतात,
"बदकं आले का?"
नाही, बाबा.
"बरं," म्हणतात,
आणि तर्री ओततात.