गरम झाल्यावर

सकाळी काटा चाळीसवर ताठ,
नव्या जावयासारखा.
मग दोन कोस गेले, तेलाला ऊब आली,
की फाटकापाशी थांबताना
हळूहळू खाली बसतो. वीस. बारा. सहा.
आणि तो लाल दिवा, डोळा मिचकावणारा.

एलेउतेरिओ म्हणाला, काटाच खोटा आहे, नेलिदा.
आधी सगळे हेच म्हणतात.
टोपी हातात, ट्रकवर मधमाश्यांच्या चौदा पेट्या,
दारं जाळीने बंद, आत गुणगुण चालूच.
बेडफर्ड, माझ्याहून सहा वर्षांनी मोठा.
मेलोच्या या रस्त्यावर त्याला आवाजावरून ओळखतात.
बघू, मी म्हटलं. काट्यालाही विचारू.

आधी फुकटचं.
पट्टी ओढली, पुसली, घातली, पुन्हा ओढली.
पातळी बरोबर.
तेल बोटांत चोळलं, हुंगलं.
पेट्रोलचा वास नाही, पाण्याचा पांढरेपणा नाही,
नुसतं काळं, वयाला शोभेल इतकं.

मग इंजिनाच्या कुशीतला पितळी सेन्सर काढून
तिथे बाबांचं गेज लावलं, तांब्याच्या नळीचं.
काचेला तडा आहे, पण ते कुणाची भीड ठेवत नाही.
थंड: बेचाळीस.
वीस मिनिटं इंजिन चालू ठेवलं,
एकाच नळीने आळीपाळीने येर्बा प्यायलो,
कडू, त्याच्या सवयीची.
गरम: सहा.
दोन साक्षीदार, एकच जबानी.

लांब स्क्रू ड्रायव्हर खाली टेकवला,
मूठ कानामागच्या हाडाला.
खोल आत कुणीतरी दार वाजवत होतं,
शेजारच्यांची झोप मोडू नये अशा बेताने.

तेल काढलं. खालचं पात्र उतरवलं.
जाळीत थोडा गाळ, जुन्या गॅस्केटचा चिवट तुकडा,
पण एवढ्याने कुणी मरत नाही.
पंपाचे दात ठीक.
मग झडपेचं बूच फिरवलं, स्प्रिंग बाहेर आली,
आणि स्प्रिंगमागून
माझ्या तळहातावर एक नाणं पडलं.

सेंतेसिमो. सूर्याचं तोंड अर्धं झिजलेलं.
कड कानशीने घासून मापात बसवलेली,
ओरखडे उलट्या बाजूला कललेले.
डावखुऱ्याची कानस.
या गावात डावखुरा मेकॅनिक एकच होता.

नाण्याने स्प्रिंग घट्ट होते,
थंडीत काटा ऐटीत वर राहतो.
गरम झाल्यावर झडप तशीही मिटलेलीच,
तिथे नाणं काय करणार?
बाबांना हे कळत नव्हतं असं नाही.

वही काढली. त्या वर्षीची ओळ:
बेडफर्ड, एलेउतेरिओ. तेल, फिल्टर. पैसे नंतर.
त्या वर्षी त्याची निम्मी पोळी रिकामी झाली होती.
नाण्याचा उल्लेख नाही.
वेळ मारून नेली, असं कोण लिहून ठेवतं?

तरी मोजलंच.
केसाएवढा मेणाचा दोरा बेअरिंगमध्ये ठेवला,
टोपी आवळली, सोडली.
दोरा चपटा व्हायला हवा होता, पट्टीसारखा.
झाला, न झाल्यासारखा.

बेअरिंगं गेली, मी म्हटलं.
क्रँक मोंतेविदेओला पाठवायला हवा. खर्च आहे.
आणि नाणं पुढे केलं.
बाबांच्या वतीने काय बोलायचं
ते ठरवत होते अजून.

त्याने ते उजेडात धरलं.
हे अजून आहे तर, म्हणाला.
मापाचा वायसर नव्हता तुझ्या वडिलांकडे.
खिशातून मीच दिलं होतं.
म्हणून तर काटा सकाळीच बघायचो.

मग बराच वेळ दोघंही काही बोललो नाही.
अंधार पडत होता. पुतण्या दुसरी गाडी घेऊन आला.
पेट्या हलवायला लागलो, तिघं मिळून, धक्का न देता.
नाणं त्याने परत मागितलं नाही, दिलंही नाही,
त्याच्याच मुठीत होतं, पेटीच्या कडेला घासत.
नवव्या पेटीला मी हात लावला.
गरम होती.