पिटेझरी गेट

पाटीवर लिहिलं होतं: जंगलात बोलू नये.
मी दोनदा वाचली, मग हिला वाचून दाखवली.
अकरा वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी
सगळ्यांना सांगत होतं
आमच्या नैतिकसारखं वागा म्हणून.

खिडकीवर मात्र बोलावंच लागलं.
आधार, वय, मोबाइल नंबर.
बाबूनं चष्म्यावरून पाहिलं. "पोट्टा बोलत नाही का जी?"
"नाही जी."
"मग वाघ दिसला तर सांगन कसा?"
माणूस वाईट नव्हता. मीही हसलो.
अंधारात खांबावर चढताना
पाय आपसूक पट्टीवर पडतो,
तसं ते हसू पडतं आता.

हिच्या पिशवीत दोन चड्ड्या, मुरमुरे,
निळ्या झाकणाची बाटली, निळ्याच,
आणि साकोलीच्या हार्डवेअरमधून आणलेलं
ते कानावरचं, गिट्टी फोडणारे लावतात ते.
जिप्सी घरघरली तसं त्यानं स्वतःच चढवलं.

गाईड दुर्पता मडावी. खाकी शर्ट, कपाळावर गोंदण.
हा ऐन, याची साल मगरीच्या पाठीवानी.
हा बीजा. हा धावडा. तो वीज पडलेला मोहा.
चितळं उभी राहिली रस्त्यात, बावीस.
मी मनात भाग लावत बसलो,
एक चितळ केवढ्याला पडलं,
आणि हा मागं वळून स्टेपनीचा वॉल्व्ह चाचपतोय,
जो आमच्या शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरला फुकट आहे.

तळ्याशी चार गाड्या थांबलेल्या.
वानर खेकसलं. एकदा. परत.
सगळ्या दुर्बिणी एका झुडपाकडे.
श्वास घ्यायचीही चोरी.
आणि नैतिक गुणगुणायला लागला.

मी वायरमन. एकोणीस वर्षं लाइनवर.
रात्री लोड उतरला की गावची डीपी
अशीच वाजते, एकाच सुरात.
तीन वर्षांचा असताना हरवला होता,
तर डीपीच्या कुंपणाला गाल लावून सापडला,
तोच सूर छातीतून काढत.
तेव्हापासून हिला कधी सांगितलं नाही, पण
मला तो आवाज आला की वाटतं,
सप्लाय चालू आहे.

पुढच्या जिप्सीतून "श्शू".
मग "ओ भाऊ, त्याला गप्प करा ना".
सॉरीचा स माझ्या दातांशी आलेला.
दुर्पता मागं न वळताच म्हणाली,
"राहू द्या जी. मोहा वेचाले जातो ना आमी,
अंधारातच, तवा असंच करतो.
अस्वलाले समजलं पायजे, माणूस आहे म्हनून.
गुपचूप राह्यला, तोच मरते."

वाघ आला नाही.
गाड्या एकेक करून गेल्या, रागानं धूळ उडवत.
आमच्या ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं, तंबाखू मळली.
तेवढ्यात नैतिकनं कानावरचं काढलं
आणि नीट, दोन्ही बाजू जुळवून,
स्टेपनीला घातलं.
उघड्या कानांनी बसला.
किती वेळ, ते मी पाहिलं नाही.
ही पाहत होती, पदर तोंडाशी धरून.
एक टिटवी ओरडत होती. सागाची पानं.
त्यानं काय ऐकलं, मला माहीत नाही.

गेटवर दुर्पता म्हणाली,
"मोहाच्या दिवसात आना याले.
आमच्या बाया थकतात गुनगुनून.
हा नाही थकनार."
ही म्हणाली, आणतो.
घास अडकला असताना म्हणतात तसं.

मोटरसायकलवर बसताना कळलं,
निळं झाकण आतच कुठंतरी पडलं.
मग काय.
माझ्या पाठीवर डोकं आपटत, किंचाळत,
धानाच्या बांध्यांवरून बगळे उडवत
आम्ही आठ किलोमीटर आलो.
चहाच्या टपरीवरची माणसं उठून उभी राहिली.
पुलाच्या उतारावर आपटणं थांबलं.
स्वेटरातून, बरगड्यांतून
तो सूर आत आला, बारीक, मग भरून.
"सप्लाय आला," मी म्हणालो.
"काय?" मागून ही.
मग गाडी बाजूला घेतली
आणि तिला पहिल्यांदा सांगितलं.