उजवीकडून वाचायचं खापर

चौलला, हरेश्वर वर्तकांच्या सुपारीच्या वाडीत
पंपाचा खड्डा चार हात खाली गेला
आणि पाण्याआधी खापरं लागली.
तीन आठवडे आम्ही ती धुतोय:
जुने टूथब्रश, दोन घमेली, झापांची सावली,
मी, आणि कोर्लईहून रोज येणारी इनासिना.

दोनशे सतरावं खापर म्हणजे रांजणाचा कान.
तारकुंडे मॅडमनी भिंग लावलं.
मातीत काळे कण, चमचमणारे.
मी म्हटलं, त्यात काय,
रेवदंड्याच्या पुळणीवरून पोतंभर आणतो.
त्या हसल्या नाहीत.
ही वाळू, म्हणाल्या, एका डोंगराने ओकलेली.
या रांजणातून द्राक्षाची दारू आली असणार
आपल्या माडीच्या गावात.

कानाखाली, माती ओली असताना
कुणी काडीने ओढलेल्या पाच-सहा रेघा.
मी मान वाकडी करून बघत राहिलो.
उलट बघतोयस. उजवीकडून वाच.

मग चहा गार होईतो त्या सांगत होत्या.
रोमच्या शेजारची डोंगरातली माणसं,
ऑस्कन बोलणारी.
वर्ष वाईट गेलं की देवाला नवस:
या वसंतात जे जन्मेल ते तुझं.
कोकरं, वासरं लगेच कापायची.
पोरांना मात्र वाढू द्यायचं,
आणि वयात आली की तोंडावर फडकं टाकून
शिवेबाहेर सोडायचं.
पुढे एक बैल.
बैल बसेल तिथे गाव.

पुढे रोमशी लढले तेव्हा
त्यांनी स्वतःचं नाणं पाडलं:
बैलाच्या शिंगाखाली लांडगी,
आणि देशाचं नाव, उजवीकडून, व्हितेलिऊ.
वासरांचा देश, असं म्हणतात.
नाण्यावर बैल जिंकला.
नाण्यावरच.

त्यानंतर कुणी त्यांची जीभ कापली नाही.
बाजारात सोपं पडतं म्हणून
पोरं लांडगीची भाषा बोलू लागली,
मग घरात,
मग झोपेत.
हा कुंभार शेवटच्यांतला असेल.
‘असेल’वर मॅडम नेहमी जोर देतात.

इनासिना ब्रश झटकत म्हणाली,
मग आमची भाषा कुणाची?
कोर्लईच्या किल्ल्याखाली चर्चजवळची
ती शे-दोनशे घरं,
पोर्तुगीज गेले तरी त्यांची बोली
मासळीच्या टोपलीत झाकून ठेवलेली.
मॅडम म्हणाल्या, लांडगीचीच. पणतीची पणती म्हण.

लांडगीला आता दात कुठे उरलेत, बाई?
माझा थोरला घरातसुद्धा
मराठीच बोलतो.

मी मराठीत गप्प बसलो.

संध्याकाळी वर्तकांची गाय धारेला उभी,
आणि दाव्याला हिसके देत वासरू ओरडलं.
वासरू, मॅडम सहज म्हणाल्या,
आपलं वत्स आणि त्यांचं ते व्हितेलिऊ
एकाच आईचे दोन सड असावेत.
मी गोठ्याकडे पाहिलं.
कधीपासून हाक मारत होतं ते,
मला आपलं वाटत होतं, भूक.

शाई काढली. खापराच्या आतल्या बाजूला
बारीक अक्षरात घातलं: चौल, खड्डा दोन, २१७.
बाहेरून त्याचा हात उजवीकडून आलेला,
आतून माझा डावीकडून,
मध्ये बोटभर जाडीची माती.

साडेपाचच्या एसटीची वेळ झाली.
इनासिना घमेल्यातली उरलेली खापरं मोजत होती,
ओठ हलवत, आवाज न करता.
आकडे तिच्या भाषेतले होते.
संपल्यावर मला म्हणाली, एकेचाळीस,
आणि मी वहीत लिहिलं.