इतर शेरा

मे महिन्यातली दुपार, सांगलीतलं काकानगर.
मोबाइलात फॉर्म उघडून मी दारात उभा,
हातात टेप, पिशवीत ओल मोजायचं यंत्र,
ज्याची बॅटरी ऐन भिंतीशी गेल्यावरच दगा देते.

त्रिशला मगदूम. वय एकावन्न. ब्लाउज, फॉल-पिको.
"चपला ऱ्हाऊ द्या पायात," म्हणाल्या,
"ह्या फरशीनं लई काय काय बघितलंय."

जोत्याची उंची : दोन फूट नऊ इंच.
नदीपासून अंतर?
"कंच्या महिन्यात?"
हे उत्तर फॉर्ममध्ये बसत नाही. मी मीटर लिहितो.

मोरीच्या जाळीखाली त्यांनी झडप बसवलीय,
एकाच अंगाला उघडणारी.
"पाणी दारातनं येत न्हाई, साहेब.
दारातनं पाव्हणा येतो.
पाणी आधी संडासातनं येतंय, गुडगुड करत,
घरचंच कुणी उठल्यागत."
झडप : आहे. सवलत तीन टक्के.

वायरिंग सगळं वर घेतलेलं.
बटणं माझ्या डोक्याच्याही वर; टेप लावला, सहा फूट.
दिवा लावायचा तर धाकटी स्टुलावर चढते.
त्या स्वतः कापड मापायची लाकडी पट्टी उचलतात,
टोकानं टक्, की पंखा सुरू.
दिवसातनं किती वेळा हा हात वर जात असेल,
सात वर्षं, बारा महिने,
पूर असो नसो.
फॉर्म विचारतो फक्त : होय की नाही?

मग स्लॅबच्या कडीला लावलेली कप्पी दाखवली.
दोर ओढला तशी शिलाई मशीन पायांसकट
झोके खात वर गेली.
"शेजारीण म्हणती, मशीनला पाळणा बांधलाय बाईनं."
पाळण्याला सवलत नाही. मी तसं सांगितलं.
"नसंना," म्हणाल्या, आणि मशीन हळू खाली सोडली.

मागील पुराची खूण.
भिंती नव्या, पिस्ता रंगाच्या.
फक्त दाराआड वीतभर पट्टी तशीच ठेवलेली,
तिच्यावर गढूळ तपकिरी रेघ, शेजारी पेन्सिलीनं ‘एकोणीस’,
आणि खाली-वर थोरल्या पोरीच्या उंचीच्या खुणा.
एजंट कुंभोजकर म्हणाले होते,
रंग मारून टाका, सर्व्हेवाला येणारंय,
हप्ता उतरंल.
"मग पोरगी कशापासनं मोजू?"
एवढंच म्हणाल्या, आणि चहा ठेवायला आत गेल्या.

मी खुणेपाशी उभा.
पुलापलीकडे सांगलीवाडीत माझं घर,
गेल्या दिवाळीत तीन हात दिले,
ऑइल बाँड, धुता येणारा.
माझ्या पॉलिसीचा फॉर्म ऑफिसातल्या मित्रानं भरला :
मागील पुराची खूण, नाही.
सही माझीच.

बेरीज केली. वर्षाला अकराशे चाळीस रुपये वाचतील.
त्यांनी बोटांवर हिशेब मांडला :
"पाच ब्लाउज. अस्तराचे असले तर चार."
हसल्या. मग कप घेता घेता विचारलं,
"आयर्विनला किती फूट हाय आत्ता?"
मे महिना होता. पुलाखाली खडक उघडे,
म्हशी गुडघाभर पाण्यात.
"काही नाही," म्हणालो.
"आकडा सांगा हो. कानाला सवय पाहिजे."

इतर शेरा : दोनशे अक्षरांची मर्यादा.
मी लिहिलं, थोरली मुलगी खुणेच्या दोन बोटं वर.
ॲपनं तक्रार केली नाही.

रात्री घरी, सगळे निजल्यावर,
दहाच्या नाण्यानं भिंत खरवडली.
पहिला हात निघाला. दुसरा.
खाली पांढरी पुट्टी, आणि पुट्टीच.
बायको उठून आली. पाहिलं तिनं,
का म्हणून विचारलं नाही.
जांभई देत म्हणाली,
"तिथं न्हाई. जरा वर."